फक्त हरणांसाठी

मित्रांनो, मी एक जुना जस्ताचा टब आहे. माझ्या पोटावर लाल रंगात 'फक्त हरणांसाठी' असं लिहिलेलं आहे, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो. आजवर एकही हरीण माझ्यात अंघोळीला बसलेलं नाही. विमा विकायला आलेल्या एका गृहस्थांनी एकदा तसं विचारलं होतं. तेव्हा घरधनीण लेम्पी शांतपणे म्हणाली, "शनिवारी येतात. आधी माद्या, मग नर." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

खरी गोष्ट साधी आहे. माझ्यात शिकारीचे कपडे धुतात. ते स्वच्छ व्हावेत म्हणून नव्हे, त्यांना कसलाच वास राहू नये म्हणून. हरणाला डोळे असतात, पण तो नुसता दागिना समजा. त्याचा सगळा संसार नाकावर चालतो. तुम्ही सकाळी कांदा खाल्ला असेल तर ते त्याला दलदलीच्या पलीकडून कळतं. वर तो कांदा तुम्ही एकट्याने खाल्ला की वाटून, हेही कळत असावं असा माझा संशय आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारखे चारशे टब जन्मले. त्यांतला एक पुढे बाळाच्या अंघोळीला गेला, एक कुठल्याशा दुकानात बटाटे ठेवायला गेला. सगळ्यांना आयुष्यात कसला ना कसला वास लागला असेल. मला कित्येक वर्षं लागला नाही. लेम्पी लग्न होऊन अमेरिकेत मिशिगनच्या ह्या वरच्या टोकाला आली, तेव्हा तिच्या मावशीच्या आहेरात मीही आलो. मला वाटलं, आता माझ्यात बाळं न्हातील, उटणी लागतील, साबणाचे फुगे उडतील. पहिल्याच आठवड्यात लेम्पीच्या नवऱ्याने, म्हणजे आर्विडने, माझ्यात लोकरी कोट टाकला. दुसऱ्या आठवड्यात लेम्पीने ब्रश घेऊन माझ्या पोटावर ती पाटी रंगवली. माझं भविष्य वाळायला दोन दिवस लागले.

माझी जागा सॉनाच्या बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीत तापल्या दगडांवर पाणी मारून माणसं घाम काढतात आणि बाहेर येऊन, उकडलेल्या बिटासारखी लाल होऊन, कॉफी पीत बसतात. माझ्या डोक्यावर एक फळी आणि फळीवर कॉफीच्या रिकाम्या डब्यांची रांग. सगळे लाल, सगळे सारखे. एकात खिळे, एकात मेणबत्त्या, एकात खायचा सोडा, एकात बटणं. लेम्पीने एकाही डब्यावर नाव लिहिलं नाही. तिला गरजच नव्हती. तिला नाक होतं.

मित्रांनो, त्या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं.

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी शाळांना सुट्टी असते, कारण नाहीतर मास्तरांना रिकाम्या बाकांना शिकवावं लागेल. त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं काम चाले. कोट उलटा करायचा. विहिरीचं गार पाणी माझ्यात गळ्यापर्यंत भरायचं. दोन मुठी सोडा. हाताने दाबायचं, पिळायचं नाही. तीन पाणी बदलायची. मग बर्चच्या दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरीवर, घराच्या धुरापासून लांब, वाऱ्यावर वाळत घालायचं. त्या आठवड्यात घरात कांदा बंद, मासे बंद, आणि आर्विडने गाडीत पेट्रोल भरायचं तर शेजाऱ्याचा डगला घालून. सगळं वाळलं की लेम्पी दोरीशी जाई, एकेका कपड्यात तोंड खुपसे आणि निकाल देई.

"ह्यात पेट्रोल आहे."

"कुठून असेल? मी हातमोजे घातले होते."

"मग हातमोज्यांनी तुला फसवलं. पुन्हा धू."

किंवा, "ह्यात बुधवारचं सूप आहे."

आणि एकदा तर, कोटाच्या डाव्या बाहीला नाक लावून ती म्हणाली, "ह्यात रोली आहे."

रोली म्हणजे रोलँड बोप्रे, पलीकडच्या गोठ्याचा मालक. चाळीस गाई आणि एक कोट, एवढा त्याचा पसारा. त्याच्या मते शिकारीचे कपडे धुणं हा मूर्खपणा होता. गाईंचा वास हरणांना पाठ असतो, म्हणून गोठ्यातल्याच कोटात जायचं, असं त्याचं शास्त्र. त्याने तो कोट सव्वीस वर्षं धुतला नव्हता. तो कोट खुंटीला अडकवावा लागत नसे. जमिनीवर ठेवला तरी उभा राही. रोलीने त्या दिवशी आर्विडच्या दंडाला एकदा हात लावला होता, तेवढ्यावरून लेम्पीने त्याला ओळखलं.

"लेम्पी, तुझं नाक पोलिसात हवं होतं," रोली म्हणाला.

"तुझ्यासाठी नाक कशाला लागतं? आंधळा बहिरा माणूससुद्धा तुला शोधेल."

पण कपडा खरोखर निघाला, म्हणजे त्याच्यातून पेट्रोल गेलं, सूप गेलं, रोली गेला, आर्विडसुद्धा गेला, की लेम्पी तोंड वर काढून म्हणे, "ह्यात कोणीच नाही." ती आमच्या घरातली सर्वांत मोठी शाबासकी होती. आर्विड खूश होई. मग कपडे सीडरच्या डहाळ्यांबरोबर झाकणाच्या पेटीत जात, पेटी गाडीत, गाडी जंगलाशी, आणि आर्विड तिथे बर्फात उभा राहून, दात वाजवत, कपडे बदले. घरात ते कपडे अंगावर घालायचे नाहीत, असा नियम होता. म्हणजे बघा, ते कपडे घातलेला आर्विड फक्त हरणांनी पाहिला आहे.

दरवर्षी त्याला एक हरीण मिळे. दरवर्षी रोलीलाही एक मिळे. म्हणजे एक तर दोघंही बरोबर होते, किंवा हरणं भिडस्त होती.

माझ्याबद्दल म्हणाल तर, मी 'कोणीच नाही' ह्या शब्दांवर जगलो. एका उन्हाळ्यात रोलीने पाटी न वाचता माझ्यात बर्फ, बियर आणि खारवलेल्या माशांची बरणी ठेवली, आणि ती बरणी गळकी निघाली. लेम्पीने मला वाळूने घासलं आणि नऊ दिवस सीडरच्या झाडांत पालथा ठेवलं. त्या नऊ दिवसांत माझ्याशी कोणी बोललं नाही. पण खरं सांगू? त्या एका संध्याकाळी माझ्याभोवती बारा माणसं बसली होती, सगळ्यांचे हात माझ्यात येत-जात होते. निर्मळ राहण्याचा एक तोटा असतो, मित्रांनो. कोणी येत नाही.

चार वर्षांपूर्वी, वसंतात, लेम्पी वारली. एप्रिल होता, अंगणातलं बर्फ अजून गेलं नव्हतं. मी काही पाहिलं नाही, मी सॉनाच्या खोलीत होतो. फक्त एवढंच, की त्या शनिवारी सॉना तापला नाही, आणि त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. मग कळतंच.

पुढच्या हिवाळ्यात आर्विडला दोन आठवडे ताप आला. ताप गेला आणि जाताना त्याचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक होतं, चांगलं मोठं होतं, पण आत कोणी राहत नव्हतं. हे त्याला माझ्यासमोरच कळलं. चुलीवर कॉफी उकळून, आटून, जळून कोळसा झाली, खोलीत निळा धूर भरला, आणि आर्विड शेजारी बसून शांतपणे माशांचं जाळं दुरुस्त करत होता. डोळे चुरचुरले तेव्हा त्याने वर पाहिलं. मग तो उठला. पेट्रोलच्या डब्यात नाक घातलं. मोजा नाकाला लावला. तो काल दिवसभर घातलेला मोजा होता. काही नाही. शेवटी तो गुडघ्यावर बसला आणि माझ्यात डोकं घालून त्याने दीर्घ श्वास घेतला.

मला फार वाईट वाटलं. सबंध घरात एका माझ्यातच खरोखर काही नव्हतं, आणि तो तिथे शोधत होता.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडची माणसं पाय तुटला तर 'जरा अडखळलो' म्हणतात. नाक गेल्याचं कोण सांगणार? आणि मग दुसरी गोष्ट सुरू झाली. आर्विडला वाटू लागलं, आपल्या अंगाला वास येत असेल. आता ह्या गोष्टीची गंमत अशी, की ती स्वतःची स्वतःला कळत नाही. नाकवाल्यांनासुद्धा कळत नाही, मग आर्विडला कुठून? माणसाला वास येतो हे सांगायला दुसरं माणूस लागतं. ते जवळ यावं लागतं. आणि वास येत असेल ह्या भीतीने आर्विड कोणाला जवळ येऊ देईना.

आधी त्याने सहकारी दुकानात सकाळची कॉफी प्यायला जाणं सोडलं. मग चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराशी बसू लागला. मग दाराबाहेर. मग घरीच. रोलीने शनिवारी सॉनाला हाक मारली की हा अंगणातूनच ओरडे, "आज नको! पाइप फुटलाय!" आमच्याकडे पाइप नाही. विहीर आहे.

त्याच वर्षी फळीवरचा सोड्याचा डबा संपला.

मित्रांनो, इथे लक्ष द्या. लेम्पीला एक चैन होती. सॉनातून आल्यावर ती अंगाला पावडर लावे. रानात वसंतात पांढऱ्या घंट्यांसारखी बारीक फुलं येतात, त्यांच्या वासाची. सहकारी दुकानाने ती पावडर आणणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा लेम्पीने उरलेली सगळी खोकी उचलली. बावीस. कागदी खोकी सॉनाच्या दमटपणाने विरघळतील म्हणून तिने पावडर डब्यांत ओतली. लाल, कॉफीच्या डब्यांत. चार डबे. सोड्याच्या डब्याशेजारी.

नाव लिहिलं नाही.

आर्विडने सोडा संपल्यावर शेजारचा डबा उघडला. पांढरी, बारीक भुकटी. गार पाण्याने सुन्न झालेल्या त्याच्या बोटांना सोडा आणि पावडर ह्यांत काय फरक? त्याने दोन मुठी माझ्यात टाकल्या.

मला तत्काळ कळलं. सोडा पाण्यात विरघळतो. ही विरघळेना. ती दुधासारखी पसरली, लोकरीच्या विणीत जाऊन बसली, माझ्या काठाला तिची साय धरली. आणि तो वास! तीस वर्षांत ती माशांची बरणी सोडली तर कसलाच वास न लागलेल्या माझ्या पत्र्याला एकाएकी वाटलं, लेम्पी दार उघडून आत आली. मला ओरडावंसं वाटलं. मित्रांनो, मी म्हणजे जवळजवळ नुसतं तोंडच आहे. वरून बघितलं तर दुसरं काही दिसत नाही. आणि एवढं मोठं तोंड असून मला एक शब्द बोलता येत नाही. ह्या गोष्टीचं दुःख मला त्या दिवशी झालं तेवढं कधी झालं नव्हतं.

पहिल्या वर्षी एकही हरीण आलं नाही. आर्विड सोळा दिवस मचाणावर बसला. दुसऱ्या वर्षी त्याने चार पाणी बदलली, चार मुठी टाकल्या. हरणं दलदलीच्या पलीकडच्या कडेला यायची, मान वर करायची आणि शेपटीचा पांढरा रुमाल हलवून निघून जायची. तिसऱ्या वर्षी सहा मुठी. तो स्वतःही त्याच भुकटीने अंग घासून अंघोळ करू लागला. सगळ्या प्रांतात त्याच्याइतका सुगंधी माणूस नव्हता, आणि आपल्याला घाण येते म्हणून तो लोकांपासून पळत होता.

त्याला सांगायला कोणी नव्हतं. कपडे दोरीवरून पेटीत, पेटीतून जंगलात. हरणांना कळत होतं, पण ती निरोप्याची कामं करत नाहीत.

यंदा चौदा नोव्हेंबरला सकाळी त्याने शेवटचं पाणी ओतलं. कपडे दोरीवर टाकले. परत आला, माझ्या काठावर बसला आणि माझ्याशी बोलला. अलीकडे तो माझ्याशीच बोलत असे.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "उद्या नाही आलं, तर बंदूक विकून टाकतो. ज्याच्यापासून हरणंसुद्धा पळतात त्यानं माणसांत तरी कशाला जायचं? आणि तुझ्या बुडाला भोकं पाडतो. फुलझाडं लाव म्हणाली होती ती एकदा तुझ्यात."

टबांच्या आयुष्यात दोन प्रकारचे शेवट असतात, गंज आणि जिरेनियम. त्यातल्या त्यात गंज बरा, असं आमच्यात मानतात.

तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. रोली उतरला, एका हातात काठी, अंगात तो कोट. आर्विडने दार सताड उघडलं, त्यामुळे मलाही दोरीपर्यंत सगळं दिसू लागलं, आणि तो दारातूनच ओरडला, "तिथंच थांब!"

"का रे? मी काय तुझ्या कोंबड्या चोरायला आलोय?"

"कपडे वाळतायत. तुझा वास लागेल."

"तुझा भाऊ लागतो की काय तो कोट? बरं, हा थांबलो." रोली वीस पावलांवर थांबला आणि त्याने आवाज चढवला. "ऐक! माझं कंबरेचं हाड गेलंय! डॉक्टर म्हणतो मचाणावर चढायचं नाही!"

"मग चढू नकोस!"

"बावन्न वर्षांत पहिला नोव्हेंबर घरी बसणार आहे मी, आणि हा म्हणतो चढू नकोस! माझ्या मचाणावर तू जा! तिथं एक मोठा नर रोज येतो, सव्वाआठला, बँकेच्या मॅनेजरसारखा! अर्धं मांस मला दे!"

"मला नाही मिळायचं!"

"का?"

आर्विड दोरीकडे बघू लागला. वाऱ्याने दोरीवरचे कपडे हलले.

"का म्हणतोय मी! तीन वर्षं तू बोलत नाहीस, कॉफीला येत नाहीस, शनिवारी तुझा न-असलेला पाइप फुटतो. मी काय केलं सांग तरी! त्या माशांच्या बरणीचा राग असेल तर त्याला अठरा वर्षं झाली, आर्विड!"

"जा तू घरी."

आता, रोलीला जा म्हटलं की तो येतो, हे त्याच्या गाईंनाही माहीत आहे. तो काठी टेकत सरळ दोरीकडे निघाला. "थांब, थांब," आर्विड ओरडत धावला. रोलीने कोट बाजूला सारायला हात घातला, आणि कोट वाऱ्याने येऊन त्याच्या तोंडावर बसला.

रोली थांबला.

तो फार वेळ थांबला. कोटातून त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त टोपी. मला वाटलं, ह्याचा श्वास कोंडला. मग तो कोटाच्या आतूनच, हळू आवाजात म्हणाला, "ह्यात लेम्पी आहे."

"काय?"

"ह्यात लेम्पी आहे, गाढवा."

आर्विडचा चेहरा पांढरा पडला. "थट्टा करू नकोस, रोली. कसलीही कर, ही नको."

"थट्टा? ये, हुंग!"

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास." इतकं म्हणून आर्विड खाली बघू लागला, जणू ते नाक त्याच्या बुटांपाशी पडलं होतं. "तीन वर्षं झाली. काहीच येत नाही. माझा येतो का रे? खरं सांग. घाण येते का माझी?"

रोलीने कोटातून तोंड बाहेर काढलं. चाळीस गाईंचा तो मालक लंगडत आर्विडजवळ गेला, त्याची कॉलर धरली आणि मानेपाशी नाक नेऊन, अगदी लेम्पीसारखं हुंगलं.

"येतो," तो म्हणाला. "बाईमाणसाचा."

मग दोघं माझ्या खोलीत आले. रोलीने फळीवरचा डबा काढला, उघडला आणि त्याला सलग पाच शिंका आल्या. पांढरा ढग उडाला. आर्विड त्या ढगात उभा राहिला आणि नाक ओढत राहिला, ओढत राहिला.

"सोडा म्हणे!" रोली डोळे पुसत म्हणाला. ते शिंकांमुळे असावं. "अरे, तीन वर्षं तू बायको अंगात घालून मचाणावर बसतोयस, आणि वर म्हणतोस हरणं येत नाहीत! लेम्पी येताना दिसली की मीसुद्धा झाडामागे जायचो."

"कसा आहे?" आर्विडने विचारलं.

"काय कसा आहे?"

"वास. मला सांग ना."

रोलीने आयुष्यात कधी वासाचं वर्णन केलं नव्हतं. त्याच्याकडे दोनच प्रकार होते, गाय आणि गाय नसलेलं. त्याने टोपी काढली, घातली.

"म्हणजे... चर्चमध्ये पुढच्या बाकावरून यायचा तसा."

"आणखी?"

"आणखी काय, फुलांचा. तुझ्या घराचं दार उघडलं की यायचा तो. मग आतून तुम्ही दोघं भांडताना ऐकू यायचात. मग ती म्हणायची, रोली, बूट बाहेर."

"हं," आर्विड म्हणाला. "बूट बाहेर."

दोघं माझ्या काठावर टेकले. मग रोलीच उठला, कारण त्याचं हाड दुखत होतं. "चल, आता हे निघायला हवं. माझ्याकडे सोड्याचं पोतं आहे, खरा सोडा. गाईंचं पोट बिघडलं की घालतो त्यांना."

तो ट्रॅक्टरवरून जाऊन पोतं घेऊन आला. आर्विडने पाणी भरलं. दोन मुठी सोडा. तो माझ्यात पडला आणि निमूट विरघळला. किती दिवसांनी भेटलास, असं मला त्याला म्हणायचं होतं. आर्विडने दोरीवरून कोट आणला, माझ्यावर धरला.

आणि धरूनच ठेवला.

"टाक की," रोली म्हणाला.

"पाणी गार झालंय."

"ते गारच असतं."

"हं."

"आर्विड, उद्या सव्वाआठला तो नर येणार. ह्या कोटात गेलास तर तो पुढच्या गावात जाऊन राहील. आणि तू बंदूक विकशील, आणि परत कोंडून बसशील. मला ठाऊक आहे."

आर्विडने कोट वर उचलला, नीट झटकला आणि खुंटीवर अडकवला. खुंटी बरोबर माझ्या डोक्यावर आहे. "हा नाही धुवायचा," तो म्हणाला.

"मग काय उघडा जाणारेस?"

आर्विडने वळून रोलीच्या कोटाकडे पाहिलं. रोलीने स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. मीही पाहिलं. सव्वीस अधिक चार, तीस वर्षांचं शेण, दूध, गवत, डिझेल आणि रोली.

"हरलो म्हण आधी," रोली म्हणाला.

"आण इकडं."

"म्हण की, धुणं हा मूर्खपणा आहे."

"आण म्हणतो ना, म्हाताऱ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रांतातल्या सर्वांत स्वच्छ शिकाऱ्याने सर्वांत घाणेरडा कोट घातला, त्यावर दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसावं म्हणून नारंगी बंडी चढवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच घरातून शिकारीच्या कपड्यांत बाहेर पडला. त्या कोटाला नियम लागू नव्हते. तो धूर, कांदा, पेट्रोल ह्यांपलीकडे गेला होता. मी खोलीत एकटा होतो. सव्वाआठ वाजून गेले. दलदलीच्या बाजूने एकच आवाज आला. एकच. दोन आले तर समजावं, पहिला चुकला.

आर्विड नंतर सांगत होता की तो नर पंधरा पावलांवर आला, थांबला, त्याच्याकडे बघून नाक उडवलं आणि निवांतपणे चरू लागला. त्याने त्याला गाय मानलं होतं. आर्विड म्हणतो, तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याजवळ येऊन न घाबरता उभं राहिलं, म्हणून मी आधी त्याच्याकडे नुसता बघतच राहिलो. मग रोलीचं अर्धं मांस आठवलं.

त्या शनिवारी सॉना तापला.

आता दर शनिवारी तापतो. रोली येतो, बूट बाहेर काढतो. माझ्यात बर्फ भरतात, बर्फात बियर असते, आणि खारवलेल्या माशांची बरणी, तीही गळकी, कारण रोली अजून तीच वापरतो. आर्विड सोमवारी सहकारी दुकानात जातो आणि गेल्या गेल्या विचारतो, "माझा वास येतो का?" लोक सांगतात, रोलीचा येतो. तो समाधानाने बसतो. मला माशांचा वास लागला आहे, बियरचा लागला आहे, माणसांच्या हातांचा लागला आहे. 'फक्त हरणांसाठी' मधला 'फक्त' उडत चालला आहे आणि त्याबद्दल मी कोणाकडे तक्रार केलेली नाही.

कोणी मला विचारलं, की मुलांना काय सांगशील, तर मी सांगेन: डब्यांवर नावं लिहा. एवढंच. मोठ्या अक्षरांत. तुम्ही नसाल तेव्हा ते डबे दुसऱ्या कोणाला उघडायचे असतात. आणि एखादा माणूस अंगणातूनच 'आज नको' म्हणत असेल, तर एकदा त्याच्या कॉलरला नाक लावून बघा. ओरडेल. ओरडू द्या.

आता एक शेवटची गोष्ट. ती कुणाला सांगू नका.

सॉनातून बाहेर आले की आर्विड दर वेळी त्याच जागी बसतो आणि खुंटीकडे बोट करतो. रोली उठतो, हाड सावरत माझ्यावर वाकतो आणि त्या कोटात तोंड खुपसतो.

"आहे का?" आर्विड विचारतो.

"आहे," रोली म्हणतो.

मग आर्विड कॉफी ओततो.

डिसेंबरात होती. नाताळात थोडी होती, डाव्या बाहीत, कोपराच्या घडीत. पण वाफ दर शनिवारी येते आणि जाताना काहीतरी घेऊन जाते. उरलेले डबे आर्विडने पुढच्या वसंतात तिच्या थडग्याशी नेऊन ठेवायचे म्हणून कागदात बांधले आहेत, त्यांना तो हात लावत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी रोलीने कोटात तोंड घातलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत ठेवलं. एक बाही, दुसरी बाही, कॉलर, खिसे. मी बरोबर खाली होतो. तीस वर्षं हेच माझं काम होतं, ह्यात माझी चूक होणार नाही. त्या कोटात कोणीच नव्हतं.

"आहे का?" आर्विडने विचारलं.

"आहे," रोली म्हणाला.

मित्रांनो, मी म्हणजे जवळजवळ नुसतं तोंडच आहे, आणि मला बोलता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.